वेळ येण्याआधीच निर्णय: नागपुरातील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी तडजोड टाळण्याचे मार्गदर्शन

लोट सदोमात एका दिवसात पोहोचला नाही. उत्पत्ती १३:१२ मध्ये तो आपला तंबू सदोमाच्या दिशेने हलवतो, १४:१२ मध्ये तो सदोमातच राहत असल्याचे आपल्याला कळते आणि १९:१ मध्ये तो सदोमाच्या वेशीत, म्हणजे जेथे गावची प्रतिष्ठित मंडळी बसत तेथे, बसलेला दिसतो. या साऱ्या प्रवासात त्याने देवाला नाकारल्याचे कोठेही लिहिलेले नाही. उलट पेत्राच्या दुसऱ्या पत्रात त्याला नीतिमान म्हटले आहे आणि भोवतालच्या दुराचाराने त्याचा जीव कासावीस होत असे, असेही सांगितले आहे. मन कासावीस होत असताना मनुष्य तंबू मात्र तिकडेच सरकवत राहू शकतो, हे तडजोडीचे खरे स्वरूप आहे आणि ज्यांना देवाशी विश्वासू राहायचे आहे त्यांनी ते आधी नीट समजून घ्यावे.

नागपुरातील मंडळ्यांमध्ये तडजोड हा विषय निघाला की चर्चा बहुधा प्रसाद, आरती आणि गुलाल यांच्यापाशी येऊन थांबते. ती चर्चा आवश्यक आहे आणि पुढे मी ती केलीही आहे. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की आपण एकाच दारावर पहारा ठेवला आहे आणि घरात शिरणारे सर्व काही दुसऱ्या दाराने, म्हणजे पैसा, कागदपत्रे आणि मंडळीतील पदे यांच्या वाटेने येत आहे. म्हणून या लेखात पायऱ्या सांगताना त्या दाराला मी अधिक जागा दिली आहे.

प्रथम, जे तडजोड नाही ते बाजूला काढा

दानीएलाच्या पहिल्या अध्यायात बाबेलच्या दरबाराने चार तरुणांवर बऱ्याच गोष्टी लादल्या. त्यांची नावे बदलली, त्यांना खास्द्यांची भाषा व विद्या शिकायला लावली, परक्या राजाच्या चाकरीत घेतले. या सर्व गोष्टी दानीएलाने स्वीकारल्या. त्याने नकार दिला तो फक्त राजाच्या ताटातील अन्नाला व द्राक्षारसाला. प्रत्येक गोष्टीला विरोध करणारा मनुष्य खऱ्या प्रसंगी थकलेला असतो, शिवाय त्याच्या नकाराचे वजनही कोणाला वाटत नाही.

तेव्हा पहिली पायरी ही की एका कागदावर आपल्या जीवनातील ज्या ज्या गोष्टींविषयी मनात टोचणी आहे त्या लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे स्वतःला विचारावे: येथे शास्त्राची आज्ञा मोडते आहे, की केवळ माझ्या मंडळीची रीत मोडते आहे? कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, फेटा, लेझीम, लग्नातील हळद, अभंगाच्या चालीवरील भजन, यांविषयी मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायाच्या कक्षेत येतात, जेथे पौल एकमेकांना दोष लावू नका असे बजावतो. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेत एका सहप्रवाशाच्या हातून नव्या कराराची प्रत मिळालेले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी कीर्तन आणि अभंग सोडून दिले नाहीत. त्यांनी ते ख्रिस्तचरणी आणले. त्यांना संस्कृतीशी तडजोड करणारा असे आज कोणी म्हणत नाही.

याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात बालकांचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि केवळ विश्वास कबूल केलेल्यांचाच बाप्तिस्मा मानणारेही होते. दोन्ही पद्धतींना नव्या मंडळीत स्थान देण्यात आले. या चर्चेला चाळीस वर्षे लागली. पद्धतीच्या बाबतीत एक पाऊल मागे घेणे आणि प्रभूच्या बाबतीत एक पाऊल मागे घेणे यांतील फरक ओळखायला त्या पिढीने एवढा वेळ दिला, ही गोष्ट घाईने एकमेकांना तडजोडखोर ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या चाळणीनंतर कागदावर जे उरेल ते थोडे असेल, पण तेच खरे असेल.

सण, प्रसाद आणि कारखान्यातील पूजा

मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांस दिलेले उत्तर तीन भागांत आहे आणि ते तीन भाग वेगळे न ठेवल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ गोंधळ होतो. पूजेत प्रत्यक्ष सहभागी होऊन तेथे खाणे त्याने मना केले, कारण प्रभूच्या मेजाचा आणि त्या मेजाचा असा दोन्हींचा भागीदार होता येत नाही (१ करिंथ १०:२१). बाजारात विकले जाणारे मांस मात्र चौकशी न करता खावे (१०:२५). आणि कोणी घरी जेवायला बोलावले तर वाढलेले खावे, परंतु हे वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी खाऊ नये (१०:२७-२८).

हे तीन भाग नागपुरातील घरांना जसेच्या तसे लागू पडतात. शेजारच्या काकूंनी दिलेला दिवाळीचा चिवडा, शेव आणि अनारसे हा फराळ आहे. त्याची उलटतपासणी करण्याचे कारण नाही आणि तो डबा परत पाठवण्यात कोणतीही आध्यात्मिकता नाही. डबा रिकामा परत न देता नाताळात त्यात करंज्या आणि केक घालून परत द्यावा. विदर्भात तेरवीच्या जेवणाला न जाणे हे घरच्या दुःखाकडे पाठ फिरवणे समजले जाते. तेथे जावे, पंगतीत बसावे, विधी चालू असताना बाजूला शांत उभे राहावे. काकूंनी सत्यनारायणाचा शिरा पुढे करून “प्रसाद घे” असे म्हटले तर तिसरा भाग लागू होतो. अशा वेळी तोंड वाकडे न करता, हात जोडून, “काकू, देवाला दाखवलेलं मी घेत नाही, पण तुमच्या हातचा चहा मात्र घेतल्याशिवाय जाणार नाही,” एवढे पुरेसे आहे. हे वाक्य दारात उभे राहून सुचत नाही, म्हणून ते आधी घरी ठरवून ठेवावे आणि मुलांनाही शिकवून ठेवावे, कारण शाळेत हा प्रसंग त्यांच्यावर आपल्यापेक्षा आधी येतो.

कारखान्यातील प्रसंग याहून अवघड असतो. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. आदल्या दिवशी शॉप फ्लोअर धुतला जातो, लेथ आणि कॉम्प्रेसर पुसून तेल-पाणी केले जाते, झेंडूच्या माळा लागतात, हळदकुंकवाची बोटे ओढली जातात आणि ज्येष्ठ कामगाराच्या हातात नारळ दिला जातो. तो ज्येष्ठ कामगार ख्रिस्ती असेल तर सर्वांच्या देखत नारळ नाकारणे हा सहकाऱ्यांचा अपमान ठरतो आणि फोडणे हे त्याच्या विवेकाला जड जाते. या पेचातून सुटण्याची वाट त्या दिवशी नसते. ती घटस्थापनेच्या आधी असते.

येथे दानीएलाची रीत पाहावी. त्याने आधी मनात निश्चय केला, मग अधिकाऱ्याला अदबीने विनंती केली, नकाराबरोबर पर्याय दिला, आणि दहा दिवसांची मुदत मागितली, जेणेकरून अधिकाऱ्याच्या मानेवर संकट येऊ नये. त्याच क्रमाने फोरमनला एकांतात भेटून सांगावे: “साहेब, मशीन पुसण्यापासून मिठाई आणण्यापर्यंत सगळं मी बघतो. नारळ मात्र दुसऱ्या कोणाच्या हातून फोडून घ्या, माझी श्रद्धा वेगळी आहे.” आणि मग खरोखरच सर्वांआधी येऊन ते यंत्र असे लख्ख पुसावे की कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. पूजेच्या वेळी पादत्राणे काढून आदराने उभे राहण्यास माझ्या मते हरकत नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा प्रश्नही असाच आधी सोडवता येतो. पुष्कळ मंडळे रक्तदान शिबिर किंवा वह्यावाटप करतात, त्या कामासाठी म्हणून वर्गणीपेक्षा थोडी अधिक रक्कम द्यावी आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे.

ज्यांना नोकरीमुळे अशा ठिकाणी उभे राहणे टाळताच येत नाही, त्यांनी २ राजे ५ मधील अरामी सेनापती नामानाचा प्रसंग वाचावा. रिम्मोनाच्या देवळात आपला धनी आपल्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी, असे तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो आणि अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. या उत्तराचा अर्थ किती ताणावा याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. तरी दोन गोष्टी तेथे स्पष्ट आहेत: नामानाने हा प्रश्न लपवला नाही, आणि तो संदेष्ट्यापुढे आणला.

पैशाचे दार

प्रकटीकरणातील सात मंडळ्यांपैकी थुवतीरा येथील मंडळीला तडजोडीविषयी कडक शब्द ऐकावे लागले. त्या शहरात विणकर, रंगारी, तांबट, चर्मकार अशा कारागिरांचे संघ होते, हे तेथे सापडलेल्या शिलालेखांवरून दिसते. पौलाला फिलिप्पै येथे भेटलेली जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया याच शहराची. अशा संघांची भोजने देवतांच्या नावाने होत, त्यामुळे तेथील विश्वासणाऱ्यांपुढे श्रद्धा आणि रोजीरोटी हा प्रश्न एकत्रच उभा राहत असावा. आपल्याकडे तो प्रश्न पूजेच्या ताटापेक्षा बिलाच्या कागदावर अधिक वेळा उभा राहतो.

कंत्राटदाराचे उदाहरण घ्या. डिसेंबरमधील हिवाळी अधिवेशनाआधी शहरात रंगरंगोटी आणि दुरुस्तीची पुष्कळ कामे निघतात. जेथे घाई असते तेथे भिंतीला रंगाचे दोन हात देऊन मोजमाप-वहीत तीन लिहिण्याचा मोह असतो. खोली दहा फुटांची आणि नोंद साडेदहाची. त्या वहीवर सही करणारा कनिष्ठ अभियंता, सही मागणारा ठेकेदार आणि बिल टाइप करणारा कारकून यांपैकी कोणीही रविवारी उपासनेला बसणारा असू शकतो. खोट्या मापाविषयी नीतिसूत्रे ११:१ जे म्हणते ते या वहीलाही लागू आहे, परंतु मी अजून एकाही प्रवचनात मोजमाप-वही ऐकलेली नाही.

इतवारीत दुकान असेल तर प्रश्न पक्क्या आणि कच्च्या बिलाचा आहे. ग्राहकच म्हणतो, “भाऊ, बिल नको, भाव कमी करा.” या प्रसंगाला उत्तर रोज नव्याने शोधावे लागू नये म्हणून गल्ल्याजवळ ‘प्रत्येक खरेदीचे पक्के बिल दिले जाईल’ अशी पाटी लावून टाकावी. पाटी लावल्यावर काही गिऱ्हाईक जाईल, आणि ते जाणार आहे हे गृहीत धरूनच ती लावावी. फ्लॅट विकताना किंवा घेताना किमतीचा काही भाग रोखीने देण्याची मागणी होते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे हा केवळ विवेकाचा प्रश्न राहत नाही. ब्रोकरशी पहिल्याच भेटीत ‘संपूर्ण रक्कम बँकेतून’ हे सांगून ठेवल्यास पुढची ओढाताण वाचते.

लाचेविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण बहुतेकांना तेथे दुसरा मार्गच नाही असे वाटते. मार्ग आहेत, ते संथ आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. दाखला किंवा परवाना मागताना ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करावा, पोचपावती जपून ठेवावी, मुदत टळल्यास प्रथम अपील करावे, तेथेही काम न झाल्यास द्वितीय अपील आणि त्यापुढे आयोग आहे. कोणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो. मात्र ज्याला ती देण्यास भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत संबंधित यंत्रणेला कळवल्यास त्याला संरक्षण आहे. ‘मी घेत नाही, फक्त देतो’ हे समर्थन त्यामुळे कायद्यापुढेही टिकत नाही.

आणि आता एक पायरी, जी भक्तीच्या पुस्तकांत क्वचितच आढळते: हाताशी पैसा शिल्लक ठेवा. नीतिसूत्रे २२:७ म्हणते की ऋणको धनकोचा दास होतो. ज्याचे गाडीचे, मोबाइलचे आणि बहिणीच्या लग्नाचे असे तीन हप्ते चालू आहेत, त्याला साहेबांनी खोट्या व्हाउचरवर सही मागितली तर त्याचा नकार त्याच क्षणी त्याच्या घराच्या भाड्यावर येऊन आदळतो. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असेल तर तोच मनुष्य शांतपणे, “साहेब, हे माझ्याकडून होणार नाही,” असे म्हणू शकतो. म्हणून भिशीचा हप्ता मोठा घेण्यापूर्वी, पतसंस्थेचे नवे कर्ज उचलण्यापूर्वी, या खर्चाने माझी ‘नाही’ म्हणण्याची ताकद किती कमी होईल, हा प्रश्न नवरा-बायकोने मिळून विचारावा. साधी राहणी येथे थेट विश्वासूपणाच्या कामी येते.

कागदावरचे नाव

हा भाग नाजूक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. तो १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांना खुला झाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत अशी धर्माची अट नाही. यामुळे अनेक कुटुंबांत चर्चच्या रजिस्टरमध्ये एक नोंद आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, अशी दुहेरी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळाले नाही, त्याला सिव्हिल लाइन्समधील सुखवस्तू बंगल्यातून ‘तुम्ही तडजोड करता’ असे सुनावणे सोपे आहे आणि ते अशोभनीय आहे. कायद्यातील हा भेद अन्याय्य आहे असे मानणारे आणि त्याविरुद्ध न्यायालयात व रस्त्यावर लढणारे अनेक विश्वासणारे आहेत.

तरीही ज्याला आपल्या घरात ही दुहेरी नोंद टोचते आहे त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच. त्याने एकट्याने, भावनेच्या भरात, उपासनेत साक्ष देता देता निर्णय जाहीर करू नये, कारण त्याचे परिणाम मुलांवर आणि भावंडांवर होतात. आधी सर्व कागद एकत्र करावेत, जाणकार वकिलाकडून स्वतःची कायदेशीर स्थिती समजून घ्यावी, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक म्हणून खऱ्या नोंदीवर कोणत्या सवलती लागू होतात ते तपासावे, आणि मग पाळकांबरोबर बसून प्रार्थनापूर्वक ठरवावे. पुढच्या पिढीची नोंद, म्हणजे आता जन्मणाऱ्या बाळाचे कागद, खरी ठेवणे हे बहुतेकांना शक्य होणारे पहिले पाऊल आहे. मंडळीनेही अशा घरातील मुलाच्या फीचा भार उचलायला पुढे यावे. नुसता उपदेश करून मोकळे होऊ नये.

लग्न आणि मोबाइल

विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड होऊ नका हे २ करिंथ ६:१४ सर्वांना पाठ असते, पण ते मुलगी सव्वीस वर्षांची झाल्यावर आठवते. हे बोलणे तिच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, कोणीही मनात नसताना, घरात मोकळेपणाने व्हावे. ज्यांचे लग्न आधीच झाले आहे त्यांना ही ओळ लावून त्रास देऊ नये. त्यांच्यासाठी पौलाने १ करिंथ ७:१२-१४ लिहिले आहे आणि तेथे तो जोडीदाराला सोडू नका असे सांगतो. हुंडा तर ख्रिस्ती घरांतही ‘मुलीला प्रेमाने दिले’ या नावाखाली येतो. १९६१ पासून तो कायद्याने गुन्हा आहे. वरपक्षाने बोलणीच्या पहिल्या बैठकीत ‘आम्हाला काहीही नको, हॉलचा खर्च निम्मा-निम्मा’ असे स्वतःहून म्हणावे, कारण वधूपक्षाला ते विचारता येत नाही.

मोबाइलविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही: रात्री तो झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा, आणि ज्या अॅपने वारंवार पाडले ते काढून टाकावे. मत्तय ५:२९ मधील कडक भाषेपुढे ही किंमत किरकोळ आहे.

मंडळीच्या आतली तडजोड

नहेम्या काही काळाने यरुशलेमेत परतला तेव्हा त्याला मंदिराच्या आवारातील एक खोली तोबीयाला, म्हणजे ज्याने कोट बांधण्याला विरोध केला त्यालाच, राहायला दिलेली आढळली. ती खोली दिली होती खुद्द याजकाने, नातेसंबंधापायी. नहेम्याने त्याचे सामान बाहेर फेकले, खोली शुद्ध करवली आणि पूर्वीचे अर्पणाचे सामान तेथे पुन्हा ठेवले (नहेम्या १३:४-९).

आपल्या मंडळ्यांतही खोल्या अशाच दिल्या जातात. शाळाप्रवेशाच्या हंगामात वर्षभर न दिसलेल्या माणसाला ‘नियमित सभासद’ असे पत्र दिले जाते. कमिटीच्या निवडणुकीआधी थकलेली वर्गणी कोणीतरी दुसराच भरतो आणि मतदार यादी फुगते. मिळकतीच्या भाड्याचा हिशेब वार्षिक सभेत घाईघाईने वाचला जातो आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘फूट पाडणारा’ ठरवले जाते. सामान्य सभासदाला येथे काय करता येते? तो सभेच्या आधी लेखी प्रश्न सचिवांकडे देऊ शकतो. लेखापरीक्षित ताळेबंदाची प्रत मागू शकतो. आपल्या पुतण्यासाठी खोटे पत्र मागायला नकार देऊ शकतो. शेवटची गोष्ट सर्वांत जड आहे, कारण तेथे समोर कमिटी नसते, सख्खा भाऊ असतो. शौल राजाचे पतन अमालेकी लोकांच्या मेंढरांवरून झाले, पण त्याने स्वतः दिलेले कारण वेगळे होते: मी लोकांना भ्यालो (१ शमुवेल १५:२४).

रोजची घडी आणि विचारणारा माणूस

दानीएलाच्या सहाव्या अध्यायात तीस दिवसांचा हुकूम निघाल्यावर त्याने नवे काही केले नाही. तो पूर्वीप्रमाणेच माडीवर गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि त्याने दिवसातून तीन वेळा प्रार्थना केली. ‘पूर्वीप्रमाणे’ हा त्या अध्यायाचा कणा आहे. सकाळी कामावर निघण्याआधी पंधरा मिनिटे वचन आणि प्रार्थना, दुपारी डबा उघडण्यापूर्वी दोन मिनिटे, रात्री दिवसाचा हिशेब देवापुढे. एवढी घडी शिफ्ट ड्युटी करणाऱ्यालाही बसवता येते. नागपूरच्या मे महिन्यात रात्री झोप होत नाही आणि पहाटेचे मनन सर्वांत आधी गळते, तेव्हा उन्हाळ्यापुरती वेळ बदलून घ्यावी, मोडू देऊ नये.

यानंतर असा एक माणूस निवडावा ज्याला आपल्याला अडचणीचे प्रश्न विचारण्याची परवानगी आहे. पुरुषाने पुरुष निवडावा, स्त्रीने स्त्री. शक्यतो हाताखालचा किंवा उपकाराखालचा नसावा, कारण तो विचारणार नाही. पंधरवड्यातून एकदा फुटाळ्याच्या काठावर किंवा चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावे आणि त्याने ठरलेले चार प्रश्न विचारावेत: पैशाच्या व्यवहारात कोठे खोटे लिहिले का? डोळ्यांनी काय पाहिले? घरी कोणाशी कसे बोललास? आणि आत्ता या उत्तरांत काही लपवलेस का? चौथा प्रश्न पहिल्या तिघांना जिवंत ठेवतो. इब्री ३:१३ एकमेकांना रोज बोध करा म्हणते. आपण तेवढे रोज भेटत नसू तर निदान पंधरा दिवसांनी तरी खरे बोलावे.

त्याच माणसाकडे आपला निश्चयही लिहून ठेवावा. फार मोठा मजकूर नको. ‘मी लाच घेणार नाही व देणार नाही. मी खोट्या कागदावर सही करणार नाही. मी पूजेत हात लावणार नाही, पण शेजाऱ्याच्या सुखदुःखाला चुकणार नाही.’ एवढे पुरे, खाली तारीख घालावी आणि दरवर्षी उपवासकाळाच्या आरंभी ते दोघांनी मिळून पुन्हा वाचावे.

घसरल्यानंतर

घसरलेला ख्रिस्ती मनुष्य सहसा दोनपैकी एक करतो: एक तर काही झालेच नाही असे वागतो, नाहीतर वेदीपुढे रडून मोकळा होतो आणि घेतलेली रक्कम खात्यातच ठेवतो. जकातदार जक्कयाने यांपैकी काहीही केले नाही. त्याने उभे राहून आकडा सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट परतफेड (लूक १९:८). पापकबुलीत आकडा, नाव आणि तारीख यावी. ‘प्रभू, माझ्याकडून काही चुका झाल्या’ ही प्रार्थना मोघम आहे. ‘मी त्या बिलात अठरा हजार जास्त लावले’ ही कबुली आहे.

क्रम असा ठेवावा. त्याच दिवशी देवापुढे नाव घेऊन कबुली, १ योहान १:९ च्या वचनावर विसंबून. दोन दिवसांत त्या सोबत्याला सांगणे. जोडीदाराचा त्यात संबंध असेल तर त्यालाही सांगणे, पण रागाच्या किंवा थकव्याच्या वेळी नव्हे. आपण वडीलमंडळात किंवा प्रभुभोजनाच्या सेवेत असू तर पाळकांना सांगून काही काळ बाजूला होणे. सर्वांदेखत जाहीर साक्ष देण्याची घाई करू नये. पेत्राने अंगणातल्या विस्तवाजवळ तीन वेळा नाकारले आणि प्रभूने त्याला समुद्रकिनारी, पुन्हा एका विस्तवाजवळ, मोजक्या सोबत्यांत तीन वेळा विचारले.

परतफेडीसाठी गणना ५:६-८ मधील नियम आजही उपयोगी पडतो. मूळ रक्कम द्यावी आणि तिच्यात पाचवा हिस्सा घालावा. म्हणजे अठरा हजारांचे एकवीस हजार सहाशे. ज्याचे घेतले तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला द्यावी, वारसही नसेल तर ती देवाच्या सेवेकडे जावी. जास्तीचे बिल ग्राहकाचे असेल तर पैसे बँकेतून परत करून सोबत एक ओळीचे पत्र द्यावे. दडवलेले उत्पन्न असेल तर आयकर खात्याचे अद्ययावत विवरणपत्र संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अतिरिक्त कर भरून दाखल करता येते, आणि जितका उशीर होईल तितका हा अतिरिक्त कर वाढत जातो. सीएकडे जाताना मागील वर्षांची बँक पासबुके आणि दुकानाची कच्ची वही, दोन्ही सोबत न्यावीत.